तात्यांच्या तेवीस वह्या: प्रकल्प नोंदी

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार

तुळशीचं लग्न उरकलं आणि काकांनी विषय काढला: सॉ मिल मोडायची. तात्यांना, म्हणजे माझ्या आजोबांना, जाऊन अडीच महिने झाले, मिल बंद पडून दोन वर्षं. शेडच्या वाशांना वाळवी लागली आहे, पुढचा पावसाळा ती काढणार नाही. मे महिन्यात कौलं उतरवायची, यंत्र येईल त्या भावाने द्यायचं, जागेत काजू लावायचे.

मी म्हटलं, मोडा, पण आधी मला मापं घेऊ द्या. मी आर्किटेक्ट, त्यामुळे घरात माझा उपयोग एवढाच असा सगळ्यांचा समज आहे. रात्री जेवताना बोलता बोलता काम वाढत गेलं: शेडचा नकाशा, तात्यांच्या वह्यांचे फोटो, मिलवर राबलेल्या माणसांचं बोलणं मोबाइलवर टिपून ठेवणं, आणि वर्षश्राद्धाला घरच्यांपुरती एक पुस्तिका. काकांनी पुस्तिकेची पहिली ओळ सांगूनही टाकली: 'तात्या म्हणजे प्रामाणिक व्यापारी.' मी म्हटलं, आधी वह्या तरी बघूया.

पुण्याहून दर महिन्याला दोन-तीन दिवस येणं होईल. म्हणजे हातात फार तर अठरा-वीस दिवस.

२७ नोव्हेंबर

दिवसभर टेप घेऊन शेडमध्ये. ६२ फूट बाय २४. सोळा खांब, सगळे किंजळाचे. जमिनीत गाडलेलं टोक आधी विस्तवावर जाळून काळं केलेलं, वर डांबर. साठ वर्षं झाली, तरी एकही खांब खालून कुजलेला नाही. कुजलंय ते वरचं, नंतर बदललेलं, स्वस्तातलं.

समोर बँड सॉ, म्हणजे पट्ट्याची करवत, चाकं ३६ इंची, रुळावरची ट्रॉली अजून ढकलली तर सरकते. तिच्या मागे गोल करवतीचा सिमेंटचा पाया. त्याच्याही मागे, शेडच्या बाहेर, भुशाने आणि रानमोडीने बुजत आलेला एक लांबट खळगा. लहानपणी आम्हाला तिकडे जायची बंदी होती, साप असतात म्हणून. आज काकांनी सांगितलं की तो करवतीचा खड्डा. इंजिन येण्याआधी ओंडका त्यावर आडवा टाकायचे. एक माणूस वर, एक खाली, मधे सहा फुटी करवत. वर पणजोबा, खाली चौदा वर्षांचे तात्या. कावेच्या सुताने मारलेली लाल रेघ वरच्याला दिसते, खालच्याच्या वाट्याला नुसता भुसा. तात्या डोळे मिटून ओढायचे म्हणे.

नकाशात तिन्ही जागा एका ओळीत आल्या: खड्डा, गोल करवत, पट्टा. तात्यांचा सगळा धंदा साठ फुटांत मागून पुढे सरकला आहे.

२ डिसेंबर

वह्या मोजल्या, तेवीस. खरेदीच्या अकरा, कापणीच्या सात, विक्रीच्या पाच. पहिली १९६२ ची, शेवटची २०१८ ची. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, दोन सोडल्या तर सगळ्या शाबूत. त्या दोन उंदरांनी खाल्ल्या आहेत. १९८१ पर्यंतच्या पावत्यांवर 'ता. कुडाळ, जि. रत्नागिरी' असा रबरी शिक्का आहे. त्यानंतर 'रत्नागिरी' वर पेनाने काट मारून 'सिंधुदुर्ग' लिहिलंय. जिल्हा वेगळा झाला म्हणून तात्यांनी नवा शिक्का करून घेतला नाही. तीन वर्षं ते काटच मारत राहिले.

खरेदीच्या वहीतले रकाने: तारीख, झाड कोणाचं, जागा, जात, घेर, लांबी, घनफूट, शेरा. माप अखेरपर्यंत फूट-इंचातच. वनखात्याच्या परवान्यावर घनमीटर असतात, म्हणून परवान्याच्या पाठीवर तात्यांनी केलेले गुणाकार सापडतात, ३५.३ ने.

आज फक्त फोटो. तीनशे चाळीस पानं झाली. दुपारी लाइट गेली.

१७ डिसेंबर

ट्रॉलीवाले मामा आले होते. मिलवर एकतीस वर्षं. हे सख्खे मामा नव्हेत, पण मी बोलायला लागल्यापासून मामाच म्हणते. मोबाइल समोर ठेवला तर अर्धा तास 'हो', 'नाय' शिवाय काही बोलेनात. मग मी त्यांना मिलमध्ये नेलं आणि ट्रॉलीच्या दांड्यावर हात ठेवताच सुरू झाले.

पट्टा तुटला तर काय करायचं: "पळूचा नाय. आसय थय खाली बसूचा." पट्टा म्हणजे पोलादाची वीस-बावीस फुटी धावती पात, तुटली की सापासारखी उसळते. पळणारा माणूस तिच्या वाटेत येतो, बसलेला वाचतो. मामांनी तीन वेळा पट्टा तुटलेला पाहिला आहे आणि तिन्ही वेळा ते बसले.

उभं झाड घेताना तात्या काय बघायचे: कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने खोडावर ठोका. आवाज भरीव आला तर घ्यायचं, घुमला तर आत पोकळ. ऐनाला मात्र हा नियम चालत नाही, त्याच्या खोडात उन्हाळ्यात पाणी साठलेलं असतं आणि चांगलं झाडही वेगळंच बोलतं. मगरीच्या पाठीसारखी साल असलेलं ते झाड. मामा म्हणतात, ऐनापाशी तात्या ठोकायचेच नाहीत, मुळाशी बसून वाळवीची माती बघायचे.

आणि आंबा कापला की लगेच फळी पाडायची नाही. ओंडका पावसाळाभर व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कोंडीत बुडवून ठेवायचा. लाकडातलं पिठूळ सत्त्व पाण्यात उतरतं, मग पोखरणारा किडा तिकडे फारसा फिरकत नाही. किड्याला भूक त्या पिठाची असते, लाकडाची नव्हे. त्या कोंडीत आम्ही पोहायला शिकलो, बुडवलेल्या ओंडक्यांवर पाय ठेवत. पाणी चहासारखं असायचं, वासही यायचा. आईच्या शिव्या आठवतात.

तात्यांच्या तुटलेल्या बोटांचं विचारलं. डाव्या हाताची मधली दोन, १९६६ साली, गोल करवतीवर. एक मुळापासून, एक अर्धं. मामा तेव्हा नव्हते, पण ऐकून आहेत की तात्यांनी करवत बंद करायला सांगितलं नाही, हातातली फळी पूर्ण कापली आणि मग खाली बसले. मला हे खरं वाटत नाही. माणूस गेल्यावर अशा गोष्टींना पाय फुटतात. टिपून ठेवलं, पुस्तिकेत घेणार नाही.

७ जानेवारी २०२४

बँड सॉ बघायला कोल्हापूरकडचं एक गिऱ्हाईक येऊन गेलं. यंत्राकडे दोन मिनिटं पाहिलं आणि परवान्याचं विचारलं. हे तिसरं. १२ डिसेंबर १९९६ ला जंगलतोडीबद्दलच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि देशभरच्या सॉ मिलांचं दप्तर तपासणीवर आलं. २००२ च्या ऑक्टोबरात दुसरा आदेश: केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या परवानगीशिवाय नव्या मिलला परवाना नाही. त्यामुळे लोखंडाला भंगाराचा भाव आणि कागदाला मागणी. तात्यांनी परवाना प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात आणि डबा देव्हाऱ्याखाली ठेवला होता. आम्हाला वाटायचं, आत सोनं आहे.

गिऱ्हाईक गेल्यावर काका जुन्या गोल करवतीची पात घेऊन आले. दात मोजले, जाडी मोजली. हिच्या एका कापात पाव इंच लाकूड भुसा होतं. म्हणजे इंची चार फळ्या पाडल्या की पाचवी भुशात गेली. पट्ट्याला तेच अर्ध्यावर येतं, आठ फळ्यांमागे एक. १९७८ साली तात्यांनी कर्ज काढून पट्टा आणला तो वेगासाठी असं मी समजत होते. वेगासाठी नव्हे, भुशासाठी.

भुसाही वाया जायचा नाही म्हणा. डब्याच्या मधोमध बाटली उभी धरून भोवती भुसा ठासायचा, बाटली अलगद काढून घ्यायची, खालच्या भोकातून पेटवायचं. भुशाची शेगडी. सकाळी पेटवली की दुपारपर्यंत धुमसायची. आमच्या वाडीतल्या निम्म्या घरांत तात्यांच्या मिलचा भुसा जळायचा. फणसाचा भुसा पिवळाधमक, तो आला की ओळखू यायचा. हात आणि परकर हळद लागल्यासारखे व्हायचे.

२६ जानेवारी

सुट्टी जोडून चार दिवस मिळाले. शेऱ्याचा रकाना वाचायला घेतला आणि इतर सगळं राहिलं.

मला वाटलं होतं, शेऱ्यात लाकडाचा दर्जा असेल. एखाद-दुसऱ्या ठिकाणी तो आहेही: 'पोकळ', 'वीज पडलेला'. बाकी सगळीकडे झाड का विकलं ते आहे. एकेका शब्दात. 'लग्न.' 'दुखणं.' 'कोर्ट.' 'घर.' 'कॉलेज.' 'मुंबई.' मुंबई म्हणजे मुलगा मुंबईला निघाला, त्याच्या भाड्याला आणि पहिल्या दोन महिन्यांच्या खानावळीला. कोकणात झाड कोणी हौसेने विकत नाही. आंबा-फणस घरातल्या माणसासारखा असतो, त्याला नाव असतं. तोडायची परवानगी काढायची तर तलाठ्यापासून सुरुवात, कारण १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ सगळे आहेत. एवढं करून माणूस झाड विकतो तेव्हा त्याच्याकडे विकायला दुसरं काही उरलेलं नसतं.

मग १९८२ आलं. मार्चपर्यंत नेहमीसारखं. एप्रिलपासून एक नवा शब्द: 'संप.' मेमध्ये दोन, पावसाळ्यात तोड नाही, आणि नोव्हेंबरपासून पुढच्या मेपर्यंत ओळीने चौदा. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या कापडगिरण्यांतला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, त्यांतली किती घरं आमच्या या पट्ट्यातली! माणसं सुरुवातीला 'चार दिवस मिटेपर्यंत' म्हणून गावी आली. वहीत ते चार दिवस कसे लांबत गेले ते दिसतं. आधी परसातला आंबा, मग बांधावरचा ऐन, मग एकाच नावावर तिसऱ्यांदा, घरामागचा फणस. एक 'मुंबई'चं झाड १९७१ चं आणि त्याच घरचं 'संप'चं १९८३ चं. एका झाडाच्या पैशाने मुलगा गेला, दुसऱ्याने परतलेल्याला पोसलं.

या माणसांपैकी काहींची मुलं आज माझ्या ओळखीची आहेत. नावं पुस्तिकेत येणार नाहीत, हे आजच ठरवलं.

नव्वदनंतर शेरे पुन्हा बदलतात. रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली आणि डोंगरच्या डोंगर काजूसाठी साफ व्हायला लागले. 'काजू', 'काजू', 'काजू', एकेका पानावर तीस-तीस किंजळ, बारीक घेराचे. बहुतेक जळाऊ म्हणून घाटावर गेले. तात्यांचं अक्षर इथे फार घाईचं आहे. ही पानं मी भराभर उलटली.

११ फेब्रुवारी

खालच्या वाडीतल्या काकींकडे गेले. वय पंच्याऐंशीच्या पुढे, कान शाबूत, दृष्टी कमी. वहीत १९७४ च्या मार्चमध्ये त्यांच्या घरचा फणस आहे, शेरा 'कार्य.' मी लग्नकार्य समजून चाललेले. विचारलं, कोणाचं लग्न होतं? त्या बराच वेळ गप्प. नवऱ्याचं तेरावं होतं.

मग चहा झाला, माझ्या पगाराची चौकशी झाली, लग्नाचीही झाली. निघताना उंबऱ्यावर म्हणाल्या, "रागाव नको गो बाय, तुका म्हणान सांगतंय. तुझ्या आज्यान सूत घट्ट वडल्यान. माझो फणस तेवढो न्हय होतो. मोठो होतो."

घरी आल्यावर काकांना सांगितलं. काका म्हणाले, म्हातारीचं वय झालंय.

१३ फेब्रुवारी

पुण्यात, रात्री. झोप येईना म्हणून हिशेब मांडला.

वहीतली ओळ: फणस १, घेर ६ फूट, लांबी ९ फूट, घनफूट २०¼.

तात्या ओंडक्याच्या मध्यावर सुतळी गुंडाळायचे, ती पट्टीवर मोजायचे. घेराचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला लांबीने गुणायचं. इथे घेर ७२ इंच, चौथा हिस्सा १८, वर्ग ३२४, गुणिले ९, भागिले १४४. बरोबर २०¼. तात्यांच्या गुणाकारात चूक नाही. मी वेगवेगळ्या वर्षांतली पन्नास झाडं पडताळली, दोन ठिकाणी पाव घनफुटाचा फरक, तोही विकणाऱ्याच्या बाजूने.

आता तोच ओंडका शाळेत शिकवतात तसा मोजला, गोल म्हणून: पावणेसव्वीस घनफूट. साडेपाच घनफूट कुठे गेले?

ही पद्धत तात्यांची नव्हे, सगळ्या लाकूडधंद्याची. चौथ्या हिश्शाचा वर्ग केला की गोल ओंडक्याचे शंभरातले साडेअठ्ठ्याहत्तर भाग धरले जातात. उरलेले साडेएकवीस साल, बाक आणि भुशापोटी सोडून द्यायचे, असा रिवाज. कोणी सोडायचे? विकणाऱ्याने. पण सालीकडच्या फळ्या आंब्याच्या पेट्यांना जायच्या, ढलप्या जळणाला, भुसा शेगडीला. फुकट गेलेलं असं त्या शेडमध्ये मी काहीच पाहिलेलं नाही.

सूत सैल होतं की घट्ट, यात काहीच नव्हतं. काकींनी डोळ्यांनी झाड पाहिलं होतं, सूत्र नव्हे, आणि पाचातला एक हिस्सा कमी भरला हे त्यांना तिथल्या तिथे कळलं होतं.

पहाटे दोन वाजता काकांना हे लिहून पाठवलं. सकाळी उत्तर आलं: 'सगळेच तसं मोजत.' खरं आहे. पुस्तिकेची पहिली ओळ अजून ठरत नाही.

३ मार्च

वह्यांमध्ये काही आकड्यांपुढे बारीक 'जा.' लिहिलेलं आहे. इतके दिवस मी ते 'जांभा' समजत होते, झाडाची जात. आज एका आंब्याच्या ओळीत दिसलं. आंबा आणि जांभा एकाच ओळीत कसा असेल? मग सगळे 'जा.' शोधायला बसले. एकसष्ट सापडले. प्रत्येक ठिकाणी घनफुटांचा आकडा सूत्राने येतो त्यापेक्षा मोठा: कुठे दोनने, कुठे तीनने, एका सागाला पाचने.

जादा.

म्हणजे तात्यांना ठाऊक होतं! मला इतका आनंद झाला की आईला हाक मारली. मग ती एकसष्ट नावं बघत गेले. विधवा? नाही, चारच. नातेवाईक? थोडे. 'दुखणं'वाले? काही आहेत, बरेच नाहीत. ओळीने आलेल्या 'संप'च्या चौदापैकी नऊ. एक नाव तर सावकारी करणाऱ्या माणसाचं, त्याला तीन वेळा जादा. काहीच सूत्र बसेना. आणि १९७४ च्या त्या फणसापुढे 'जा.' नाही.

२४ मार्च, होळी

सकाळी गावची होळी आणायला सगळे रानात. झाड निवडायला पूर्वी तात्यांना पुढे करायचे: सरळसोट, फांद्या वरच फुटलेल्या, आणि खांद्यावर पेलेल असं. यंदा काका गेले आणि भलतं जड झाड निवडून आले. ते आणताना सगळ्यांनी तात्यांची आठवण काढली, थोडी शिवीगाळ करून.

संध्याकाळी ट्रॉलीवाले मामा ओट्यावर निवांत बसले होते. 'जा.' दाखवला. हसले. म्हणाले, "जेनी मागल्यान, तेका दिल्यान."

म्हणजे जो वाद घालायचा त्याला. 'तात्यानु, वायच बघा की' असं जो म्हणायचा त्याला तात्या एक शब्द न बोलता दोन-तीन घनफूट वाढवून द्यायचे. सावकार दर वेळी म्हणायचा. संपवाले मुंबईत युनियनमध्ये तयार झालेले, तेही म्हणायचे. न मागणाऱ्याला सूत्राप्रमाणे.

मार्च १९७४ मध्ये काकी दाराआड बसल्या होत्या, तेराव्याच्या आधीचे दिवस. माप घेताना त्या बाहेर आल्याच नसणार.

९ एप्रिल, पाडवा

फार काम नाही. पेटीच्या फळ्यांचा गठ्ठा माळ्यावर सापडला, अर्धा इंची, खिळ्यांसकट. फेब्रुवारी ते मे मिलवर दुसरं कामच नसायचं, रात्री दहापर्यंत हापूसच्या पेट्या. मग पुठ्ठ्याचे खोके आले आणि दोन-तीन हंगामांत हे काम संपलं. बाजारात भाव मात्र अजून पेटीचाच विचारतात. माळ्यावरच्या फळ्यांतून आईने दोन घरी नेल्या, काय करणार ते सांगत नाही.

५ मे

आजवर तिन्ही प्रकारच्या वह्या मी वेगवेगळ्या वाचत होते. आज लक्षात आलं की त्या जोडता येतात. खरेदीच्या प्रत्येक झाडाला नंबर आहे, तोच नंबर कापणीच्या वहीत आहे आणि विक्रीत बऱ्याच ठिकाणी 'अमुक नं. पैकी' अशी नोंद आहे. म्हणजे परसातल्या झाडापासून कोणाच्या घरातल्या तुळईपर्यंत वाट लागते. काही वाटा मधे तुटतात, उंदरांच्या दोन वह्यांमुळे. तरी दोनशेच्या वर झाडं शेवटपर्यंत पोचली. शाळेची बाकं, तीन देवळांची मंडपाची कामं, मालवणकडे गेलेल्या आंब्याच्या खोडाची होडी, एक पखवाज.

काकींचा फणस: नंबर १७. कापणी: 'दीड इंची ६, इंची ४. एका फळीस मध्यावर गाठ, दारास चालेल.' विक्री, जानेवारी १९७५: '१७ पैकी दीड इंची ४, पुढचं दार,' आणि शेजारच्या गावातलं एक घर.

फोन करून काकींना सांगितलं. पलीकडून नातवाने दोनदा ओरडून सांगितल्यावर त्यांना समजलं. म्हणाल्या, "माका ता दार बघूक व्हया."

१९ मे

शेड उतरवायला घेतली. कौलं खाली आली तेव्हा आतल्या भुशावर पहिल्यांदा ऊन पडलं, वास उठला. किंजळाचे सोळा खांब काका विकणार होते, मी हट्ट करून चार ठेवून घेतले. कशासाठी ते मलाही माहीत नाही. बँड सॉ गेला, परवान्याशिवाय, वजनावर. वाकस, पटाश्या, किकरी, कानशी, सूत-ओळंबा मिळून एकोणचाळीस हत्यारं मोजून, फोटो काढून पेटीत भरली. सुतळी सापडली, मापाची. पट्टीवर ताणून बघितली. सहा फुटांवर गाठ मारलेली आहे, आणि ती सहा फुटांवरच आहे.

काकांशी बोलणं झालं. पहिली ओळ मी लिहायची, त्यांनी वाचायची नाही, असं ठरलं. साडेपाच घनफुटांचा हिशेब आत जाणार, 'जा.' पण जाणार. "आता काय पैसे देणार काकींना?" असं त्यांनी विचारलं, चिडून नव्हे. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

९ जून, रविवार

पाऊस सुरू झालाय. काकींचा नातू, मी आणि काकी, रिक्षाने. त्या घरचे लोक बोरिवलीला असतात, गणपतीला येतात. चावी शेजाऱ्यांकडे. त्यांना आधी फोन करून ठेवला होता.

दार हिरव्या ऑइलपेंटचं. काकी पायऱ्या चढून वर आल्या, हाताने चौकट चाचपली, मग फळ्या. "रंग कित्याक फासल्यानी?" शेजारीण ओशाळली, जणू तिनेच फासला. काकी एकेक फळी वरून खाली हाताने बघत होत्या. तिसऱ्या फळीवर कमरेच्या उंचीला हात थांबला. रंगाखाली गाठ होती, वाटीएवढी. त्या फांदीला पाळणा होता म्हणाल्या, थोरल्याचा. मग नखाने कडेचा रंग थोडा खरवडला. आत लाकूड पिवळं राहिलेलं नाही, काथाच्या रंगाचं झालंय. नातू म्हणाला, आजी, दुसऱ्याचं दार आहे.

मी तोवर माप घेतलं: ६ फूट ४ इंच बाय ३ फूट २ इंच, दोन फळ्या नऊ इंची, दोन दहा इंची, दीड इंची जाड. हिशेबाचं सांगू की नको, असं घोळत होतं. सांगितलं. साडेपाच घनफूट, रिवाज, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. "माका म्हायत होता," म्हणाल्या, आणि वही बघायला मागितली. दिसत नाही फारसं, पण पान हातात धरलं. "काय लिवल्यान हा?"

वाचून दाखवलं. फणस १, घेर ६ फूट, लांबी ९.

"फणस? नुसतो फणस?" पान माझ्याकडे ढकललं. "कापो होतो तो. बरको न्हय. लिही."

खरेदी वही, मार्च १९७४, नं. १७, जात: फणस, कापा. दुरुस्ती ९ जून २०२४, पेन्सिलीने.